कंडेन्सर कुठे बसवायचा, ते आधी सांगा



मुलुंडहून एका ताईंचे पत्र आले आहे. मुलगा आयटीआयला आहे आणि वस्तीतील विहारासाठी घरीच ॲम्प्लिफायर जुळवतो आहे. त्याने लॅमिंग्टन रोडवरून चार कंडेन्सर आणले, प्रत्येकी दीडशे रुपयांचे. "हे खास ऑडिओचे, आवाज एकदम खुलेल," असे त्याला सांगण्यात आले. ताई विचारतात, हे सहाशे रुपये कामी आले की पाण्यात गेले? आणि घरात रांगते मूल आहे, तर त्या उघड्या मशीनचा धोका नाही ना? दुसरे पत्र घाटकोपरच्या एका बंधूंचे. मंडळाच्या मशीनमधून सारखा घूंऽऽ असा आवाज येतो, माइक काढला तरी येतो. तीन कंडेन्सर बदलून झाले, तरी आवाज आहेच.

दोघांनाही आमचा पहिला प्रश्न एकच. कंडेन्सर बसवलात कुठे? मशीनमध्ये त्याची कामे वेगवेगळी असतात आणि एका कामाला जो उत्तम, तो दुसऱ्या जागी निरुपयोगी, क्वचित जीवघेणासुद्धा ठरतो. पुस्तकांत आता कपॅसिटर म्हणतात. कंडेन्सर हा शब्द इटलीच्या व्होल्टाने १७८२ साली वापरला, तो आपल्या मेकॅनिक मंडळींनी अजून सोडलेला नाही. आम्हीही सोडत नाही.

दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा पडदा, एवढीच ही वस्तू. तो वीज साठवतो. शिवाय बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज अडवतो आणि आवाजाची हलती वीज पुढे जाऊ देतो. सगळा खेळ या दोन गुणांवर आहे.

पहिले काम साठवणीचे. चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून आपण पिंप भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो. सप्लायमधला मोठा कंडेन्सर म्हणजे हा पिंप. आपली वीज ५० सायकलची. ब्रिजमधून गेल्यावर ती सेकंदाला १०० वेळा ढकलत ढकलत येते. दोन ढकलींच्या मध्ये मशीनला वीज पुरवायची ती या कंडेन्सरने. पिंप लहान पडला, की तेच १०० चे हेलकावे स्पीकरमध्ये घूं म्हणून ऐकू येतात. हिशेब सोपा आहे. मशीन १ अँपिअर घेत असेल आणि कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरडचा असेल, तर हेलकावा साडेचार व्होल्टच्या आसपास जातो. ४७०० चा बसवला तर दोनच्या आसपास. येथे इलेक्ट्रोलिटिकच हवा. एवढी साठवण परवडणाऱ्या किमतीत दुसऱ्या जातीत मिळत नाही.

मात्र मोठा म्हणून कितीही मोठा घालू नये. रिकामा पिंप सुरुवातीला एकदम वीज ओढतो. चार-चार मोठे कंडेन्सर जोडून वर १ अँपिअरचे ४००७ डायोड ठेवले, तर स्विच टाकताच डायोड जाण्याची शक्यता असते. साठवण वाढवायची तर डायोडही ३ अँपिअरचे, म्हणजे ५४०८, घालावेत.

आता घाटकोपरच्या बंधूंसाठी. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घूं तेवढीच राहिली तर दोष सप्लायमध्ये किंवा पुढच्या पॉवर भागात आहे. कमी झाली तर तो माइकची वायर, शिल्ड किंवा सुरुवातीच्या भागात आहे, आणि मग सप्लायचा कंडेन्सर दहा वेळा बदलूनही काही होणार नाही. घूं सप्लायचीच असेल आणि कंडेन्सर नवा असेल, तर चारही डायोड मीटरने तपासा. एक डायोड उघडा पडला तरी मशीन चालते, पण ढकली १०० च्या ५० होतात आणि हेलकावा दुप्पट होतो. दोष कंडेन्सरवर येतो, गुन्हेगार भलताच असतो. तिसरी जागा ग्राउंडची. माइकच्या भागाची ग्राउंड वायर डायोडजवळ जोडली असेल तर ती कंडेन्सरच्या पायावरच आणा. एक वीत वायर हलवल्याने घूं गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

व्होल्टच्या निवडीत बरेच जण फसतात. ४४४० आयसीच्या मशीनला बहुतेक जण १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावतात आणि १२ व्होल्ट म्हणून १६ व्होल्टचा कंडेन्सर आणतात. पण १२ हा एसीचा आकडा. कंडेन्सर भरतो तो त्याच्या शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. रात्री लाइनला २५० व्होल्ट आले आणि मशीनवर भार नसला, तर २० पर्यंतही जातो. म्हणून येथे २५ व्होल्टचाच घ्यावा. २४ व्होल्टच्या गुंडाळीवर ब्रिज असेल तर ५० चा. उलटा लावू नये हे सर्वांना माहीत असते, तरी घाईत लावला जातोच. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी वजा बाजू दाखवते. टँटलमच्या थेंबावरची खूण मात्र अधिक बाजूची असते, आणि तो उलटा लागला की शॉर्ट होऊन पेटतो. सप्लायमध्ये टँटलम घालूच नये असे आमचे मत आहे. पहिल्यांदा वीज देताना चेहरा मशीनवर वाकवू नका. इलेक्ट्रोलिटिकच्या डोक्यावर ज्या चिरा असतात, त्या फुटण्यासाठीच असतात.

उष्णता हा त्याचा दुसरा शत्रू. अंगावर ८५ किंवा १०५ डिग्री लिहिलेले असते. साधारण नियम असा, की तापमान १० डिग्रीने उतरले की आयुष्य दुप्पट. ८५ डिग्रीला २००० तासांचा कंडेन्सर ४५ डिग्रीला ३२ हजार तासांच्या घरात जातो. १०५ चा त्याच्या चौपट. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, मशीनच्या बंद डब्यात काय तापते ते आपण जाणतोच. दोन-तीन रुपये जास्त देऊन १०५ चा घ्यावा आणि हीटसिंकला चिकटवून बसवू नये.

दुसरे काम आवाज पुढे नेण्याचे. एका भागातून दुसऱ्या भागात आवाज जाताना मध्ये जो लहान कंडेन्सर असतो, त्याला आम्ही वाटेवरचा कंडेन्सर म्हणू. येथे जात महत्त्वाची. हिरवा किंवा लाल-तपकिरी पॉलिस्टर कंडेन्सर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचा, हा या जागेचा विश्वासू गडी. त्याच्यावर १०४ लिहिलेले असते. १० पुढे ४ शून्ये, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. १०३ म्हणजे ०.०१.

सिरॅमिकची स्वस्त डिस्क याच जागी का नको, ते स्वतः पाहा. मशीन चालू ठेवून त्या डिस्कवर पेन्सिलच्या लाकडी टोकाने हलकेच टकटक करा. अनेकदा स्पीकरमधून तीच टकटक ऐकू येते. मोठ्या किमतीच्या सिरॅमिकमधला पदार्थ दाबाला वीज देतो, म्हणजे तो कंडेन्सर न सांगता माइकचे काम करू लागतो. शिवाय त्याच्यावरचे व्होल्ट बदलले की त्याची किंमतही बदलते, आणि आवाज किंचित चिरकतो. म्हणून सिरॅमिक वाईट असे मात्र नव्हे. आयसीच्या सप्लायच्या पायाशी अगदी चिकटून १०४ ची डिस्क लागते. गाण्याच्या कार्यक्रमात जो इको वापरतात, त्या पीटी २३९९ आयसीच्या बोर्डावर ती नसली तर किरकिर येते. तेथे पॉलिस्टर लांब पायांनी लावण्यापेक्षा डिस्कच बरी. आणि २२, ३३, १०० पिकोफॅरडसारख्या लहान किमतींत एनपीओ जातीची सिरॅमिक उत्तम असते. जुन्या डिस्कच्या डोक्यावर काळा ठिपका असला तर ती हीच जात.

वाटेवर किती मायक्रोफॅरड घालावे? जास्त म्हणजे चांगले, ही समजूत येथेही आहे. पुढच्या भागाचा रेझिस्टन्स ४७ किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरड ३४ सायकलपर्यंत खाली जाऊ देतो. ढोलकी, बाजा, सगळे त्यात आले. तेथे १० मायक्रोफॅरड घालून फक्त गाड्यांची घरघर आणि वाऱ्याचे भकभक आत येतात.

आता ताईंच्या सहाशे रुपयांचे. हे कंडेन्सर बहुधा पॉलिप्रॉपिलिन जातीचे असावेत. ही जात खरोखर चांगली, तिच्यात आवाज कमीत कमी वाया जातो. वाटेवर ते बसवले तर मशीन चालेल, नुकसान काही नाही. पण विहारातल्या भोंग्यावर किंवा आठ इंची स्पीकरवर, पाच-दहा रुपयांच्या पॉलिस्टरमध्ये आणि त्यांच्यात फरक ओळखणारा कान आम्हाला भेटलेला नाही. परत घेत असतील तर परत करावेत. त्याच पैशांत चांगली शिल्ड वायर, १०५ डिग्रीचे सप्लायचे कंडेन्सर आणि तीन पिनांचा प्लग येतो, आणि विहारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला वंदना स्पष्ट ऐकू येणार आहे ती यांच्यामुळे. मुलाला रागावू नका. दुकानात दहा गिऱ्हाइकांत उभे राहून "नको, साधा द्या" म्हणायला माहिती लागते, ती आता त्याच्याकडे आहे.

व्हॉल्यूम फिरवताना कर्र-कर्र येते, तेव्हा लोक व्हॉल्यूमच बदलतात. त्याच्या आधीचा कंडेन्सर जुना इलेक्ट्रोलिटिक असेल आणि त्यातून एकाच दिशेची वीज झिरपत असेल, तर नवा व्हॉल्यूमही चार दिवसांत तसाच करकरेल.

स्पीकरच्या बाजूला एवढेच सांगतो. ट्विटरला मालिकेत लागतो तो नॉन-पोलर हवा. ८ ओहमच्या ट्विटरला ३.३ मायक्रोफॅरड लावला की सुमारे ६ हजार सायकलखालचा आवाज हळूहळू अडतो. भोंग्याच्या १६ ओहम युनिटला २२ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर लावला तर साडेचारशेच्या खालचा धक्का कमी होतो आणि डायफ्रॅम फाटण्यापासून वाचतो. भोंगा तसाही खालचे सूर काढत नाही. नॉन-पोलर मिळाला नाही तर ४७ चे दोन इलेक्ट्रोलिटिक वजाला वजा जोडून लावावेत, किंमत निम्मी होऊन काम भागते.

आता माइक. जाळीचा जड माइक बहुधा डायनॅमिक असतो, त्यात कॉइल आणि मॅग्नेट. पण कॉलरचा माइक, मोबाइलमधला, टेपरेकॉर्डरमधला तो लहानसा गोल माइक म्हणजे स्वतःच एक कंडेन्सर आहे. एक पत्रा स्थिर, दुसरा आवाजाने थरथरणारा पडदा. अंतर बदलले की वीज बदलते. ही कल्पना अमेरिकेत वेंटे या संशोधकाने १९१६ साली प्रत्यक्षात आणली, पण त्या माइकला बाहेरून मोठे व्होल्ट द्यावे लागत आणि तो फार महाग पडे. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात वीज कायमची कोंडून ठेवली. बाहेरच्या व्होल्टची गरज संपली आणि माइक काही रुपयांवर आला. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात.

यातले जेम्स वेस्ट हे काळे अमेरिकन. जन्म १९३१, व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात. लहानपणी रेडिओ दुरुस्त करताना त्यांना जबर शॉक बसला होता, आणि त्या शॉकनेच विजेचे कुतूहल लागले, असे त्यांनी सांगितले आहे. मुलाने भौतिकशास्त्र घेऊ नये असे वडिलांना वाटे. त्यांनी मुलाची गाठ तीन काळ्या गृहस्थांशी घालून दिली. तिघेही रसायन-भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, आणि तिघांना मिळालेली सर्वांत चांगली नोकरी पोस्टातली. वेस्ट तरीही शिकले. ज्या साली त्यांचा माइक तयार झाला, त्या साली त्यांच्या जन्माच्या परगण्यातील सरकारी शाळांना कुलपे होती. काळ्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शेजारी बसवावे लागू नये म्हणून त्या १९५९ ते १९६४ बंद ठेवल्या होत्या. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये जो माइक आहे, तो याच संशोधनाच्या वंशातला. दुकानात पाच-दहा रुपयांची ती गोळी हातात घ्याल तेव्हा हे नाव मुलांना सांगा.

ही गोळी जोडताना पाहा, ज्या पायाची पट्टी बाहेरच्या डब्याला टेकलेली असते तो ग्राउंड. दुसऱ्या पायाला साधारण २.२ ते १० किलोओहममधून वीज द्यायची. ही वीज थेट मशीनच्या सप्लायवरून घेतली तर घूं येणारच. आधी १ किलोओहम आणि मग ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरड लावा, १०० सायकलचा हेलकावा साठपट खाली येतो. तेथून आवाज पुढे न्यायला पॉलिस्टर. पुढचा भाग १० किलोओहमचा असेल आणि फक्त भाषण-वंदना असेल तर ०.१ ते ०.२२ पुरे, 'प' आणि 'भ' बोलताना भकभक होत नाही. गाणे असेल तर १ मायक्रोफॅरड. फोन जवळ आला की माइकमध्ये टर्र-टर्र येते, त्यासाठी गोळीच्या दोन पायांवरच ३३ पिकोफॅरडची एनपीओ सिरॅमिक डाग द्या. आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आतला पडदा उष्णतेने बिघडतो. पावसाळ्यात माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. दमटपणाने वीज झिरपते आणि माइक चरचर करतो.

शेवटचे काम सर्वांत जोखमीचे, लाइनच्या २३० व्होल्टवरचे. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसतो तो एक्स-टू जातीचा कंडेन्सर, आणि लाइनमधून डब्याकडे, म्हणजे ग्राउंडकडे जातो तो वाय जातीचा. हे शब्द अंगावर छापलेले असतात. वाय जातीचा बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशी त्याची बांधणी असते. त्याच्या जागी साधा पॉलिस्टर कधीही लावू नये, मग त्यावर ६३० व्होल्ट का लिहिलेले असेना. आकडा पाहा. ०.००४७ मायक्रोफॅरडच्या वाय कंडेन्सरमधून सुमारे ०.३ मिलिअँपिअर झिरपते, हाताला झिणझिण होते इतकेच. तेथे कोणी १०४ लावला, तर ७ मिलिअँपिअर. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सुटत नाही. बायका-मुलांची मर्यादा त्याहून कमी. आता डबा म्हणजेच माइकची धातूची जाळी, आणि ती गायकाच्या ओठाला लागलेली. शो चालू असताना "माइक चावतो" म्हणून हसण्यावारी नेतात, ते हे. ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा-स्विच ७ वर पडत नाही. उपाय एकच, तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग. वस्तीत जोडणी दोन पिनांची असेल तर आधी वायरमनकडून ती नीट करून घ्यावी, मशीन नंतर.

ताई, ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा भाग तुमच्या नातवंडाला फारसे काही करणार नाही. धोका प्लग, स्विच आणि फ्यूजच्या बाजूला आहे. मशीन खोक्यात बंद होईपर्यंत प्लग लावायचा नाही, आणि काम संपले की पाटीसकट कपाटावर ठेवायची, हा घरचा कायदा करा. मुलाने पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे. जुना टीव्ही किंवा होम थिएटर उघडत असेल तर त्यातला ४०० व्होल्टचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भरलेला राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची नाही. बल्बच्या दोन वायरी टेकवून तो रिकामा करायचा आणि मग मीटरने खात्री करायची.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. उतरायचे ग्रँट रोड स्टेशनला, बोरिवली-अंधेरीकरांनी तेथे थांबणारी गाडी पाहून पकडावी. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला बदलावी. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. इलेक्ट्रोलिटिक आपल्याकडेही बनतात. केरळ सरकारच्या केल्ट्रॉनचा कण्णूरचा कारखाना १९७४ सालचा, मोठ्या आकारांसाठी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली अल्कॉन. पाय आखूड असतील किंवा पायांवर जुने डाग-काम दिसत असेल तर तो माल काढलेला आहे, घेऊ नये. मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर भरून वर नवे वेष्टण चढवलेला मालही मिळतो. हातात घेऊन वजन पाहा, आणि कपॅसिटन्स मोजणारा मीटर सोबत न्या. ४७०० च्या ठिकाणी २२०० दाखवला तर काउंटरवरच परत द्या. वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना पण नवाकोरा इलेक्ट्रोलिटिक असेल, तर एकदम पूर्ण व्होल्ट देऊ नका. १ किलोओहममधून तासभर सावकाश भरा आणि मग बसवा.

पुढील लेख भोंग्याच्या युनिटचा डायफ्रॅम घरी कसा बदलावा यावर. ज्यांच्याकडे फाटलेला असेल त्यांनी तो फेकू नये, मापासाठी लागेल.